दुखणे सोसावे की सांगावे? : एंडोमेट्रिओसिस या व्याधीचा परिचय

शाळेच्या वार्षिकांकात आरोग्यावर एखादा लेख असावा, ही प्रथा जुनी आहे. हिवताप, क्षय, दातांची निगा, डोळ्यांचे रक्षण हे विषय अशा अंकांतून पुनःपुन्हा येतात, आणि ते यावेतही. परंतु वर्गातील मुलींशी व प्रत्येक घरातील स्त्रियांशी ज्याचा प्रत्यक्ष संबंध आहे, असा एक विषय सहसा कागदावर उतरत नाही. तो विषय म्हणजे मासिक पाळीतील वेदना. या वेदनेच्या मागे कित्येकदा एक निश्चित व्याधी असते. तिला नाव आहे, तिची लक्षणे ठाऊक झालेली आहेत आणि तिच्यावर उपचारही आहेत. एंडोमेट्रिओसिस हे ते नाव होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगातील सुमारे १९ कोटी स्त्रिया व मुली, म्हणजे पाळी येण्याच्या वयातील दर दहांपैकी सुमारे एक, या व्याधीने पीडित आहेत.

आम्ही डॉक्टर नाही. भाषा शिकविणारे शिक्षक आहोत. तेव्हा पुढील मजकूर वैद्यकीय सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही, हे प्रथमच सांगून ठेवतो. परंतु ही व्याधी ओळखण्याच्या कामी पहिली पायरी दुखणे नीट शब्दांत सांगण्याची आहे, आणि शब्द हे तर आमचे रोजचे काम. यास्तव हा विषय हाती घेण्याचे धाडस केले आहे.

शब्दांचा पडदा

आपल्या नामपल्लीत एका चाळीत चार भाषा नांदतात. पाळीसाठी त्या कोणते शब्द वापरतात, ते पाहा. मराठी घरांत ‘कावळा शिवला’, ‘बाहेर बसली’, ‘अडचण आहे’ असे म्हणण्याची रीत होती. आमच्या कोकणी घरांत ‘भायर’ हा शब्द ऐकू येई, आणि शेजारच्या तेलुगू घरातही ‘बयट’, म्हणजे बाहेर, असाच शब्द. मुलगी कोठे बसली आहे, हे या सर्व शब्दांतून कळते. तिला कोठे दुखते आहे, हे एकाही शब्दातून कळत नाही.

वस्तुतः वेदनेसाठी आपली मराठी मुळीच दरिद्री नाही. ‘कळ’ येते आणि जाते. ‘ठणका’ एके जागी राहतो. ‘चमक’ एका जागेहून दुसरीकडे धावते. ‘मुरडा’ शौचाशी जोडलेला असतो. ‘पिळवटणे’, ‘टोचणे’, ‘आग होणे’, ‘जड वाटणे’ या प्रत्येकाचा अर्थ निराळा आहे, आणि डॉक्टरांच्या दृष्टीने यांतील प्रत्येक शब्द उपयोगी माहिती देतो. मग हे शब्दभांडार ऐन वेळी बंद का राहते? संकोचामुळे. १८८३ साली अमेरिकेस जाण्यापूर्वी श्रीरामपूर येथे दिलेल्या व्याख्यानात आनंदीबाई जोशी यांनी या देशाला स्त्री डॉक्टरांची गरज असल्याचे सांगितले होते. पुरुष डॉक्टरांजवळ दुखणे सांगण्याचा स्त्रियांना वाटणारा संकोच हे त्या गरजेचे एक मोठे कारण होते. १८८६ साली आनंदीबाई एम. डी. झाल्या. आज स्त्री डॉक्टर गावोगावी आहेत. परंतु संकोच अजून पुरता गेलेला नाही.

वेदनेचा विचार गांभीर्याने करण्याची परंपरा आपल्या शहराला आहे, हेही येथे नमूद केले पाहिजे. १८८८ व १८८९ साली निजाम सरकारच्या आश्रयाने डॉ. एडवर्ड लॉरी यांनी क्लोरोफॉर्मच्या परीक्षणासाठी ‘हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन’ भरविले. त्याच काळात येथील वैद्यकीय शाळेत शिकलेल्या डॉ. रूपाबाई फर्दूनजी रुग्णांना भूल देण्याचे काम करू लागल्या. जगातील अगदी आरंभीच्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते. ज्या शहरात शस्त्रक्रियेची वेदना कमी करण्यासाठी इतके परिश्रम झाले, त्या शहरातील मुलींनी दर महिन्याची वेदना मुकाट्याने गिळावी, हे शोभणारे नाही.

व्याधीचे स्वरूप

गर्भाशयाच्या आतील बाजूस एक मऊ अस्तर असते. अंडाशयांतून निघणाऱ्या संप्रेरकांच्या प्रभावाने ते दर महिन्यास जाड होते आणि गर्भधारणा न झाल्यास गळून रक्तासह बाहेर पडते. हीच मासिक पाळी. एंडोमेट्रिओसिसमध्ये या अस्तरासारखीच ऊती गर्भाशयाच्या बाहेर वाढू लागते. ती अंडाशयांवर, गर्भाशयाच्या मागील खोलगट भागात, पोटाच्या आतील पातळ आवरणावर, क्वचित आतड्यावर किंवा मूत्राशयावर आढळते. तीही महिन्याच्या चक्राप्रमाणे वाढते व तिच्यातूनही रक्त पाझरते. परंतु त्या रक्ताला बाहेर जाण्यास वाट नसते. परिणामी आसपासच्या भागाचा दाह होतो, व्रण पडतात आणि शेजारचे अवयव एकमेकांना चिकटतात. अंडाशयात असे रक्त साठून राहिले, म्हणजे त्याची गाठ बनते. त्या जुन्या रक्ताचा रंग गडद तपकिरी असल्यामुळे डॉक्टर तिला ‘चॉकलेट सिस्ट’ म्हणतात.

ही व्याधी संसर्गजन्य नाही आणि हा कर्करोगही नव्हे. कोणाच्या दोषामुळे, आहारातील एखाद्या पदार्थामुळे किंवा विटाळ न पाळल्यामुळे ती होत नाही.

व्हिएन्नाचे कार्ल फॉन रोकिटान्स्की यांनी १८६० साली अशा ऊतीचे वर्णन केले होते. अमेरिकेतील ऑल्बनी येथील डॉ. जॉन सॅम्पसन यांनी १९२१ पासून या विषयावर लेख लिहिले. एंडोमेट्रिओसिस हे नाव त्यांच्यामुळेच रूढ झाले. पाळीचे काही रक्त गर्भनलिकांतून उलट पोटात जाते व तेथे त्यातील पेशी रुजतात, असा सिद्धांत त्यांनी मांडला. हा सिद्धांत आजही महत्त्वाचा मानला जातो. तथापि असे उलटे वाहणे बहुतेक स्त्रियांत घडते आणि व्याधी मात्र थोड्यांनाच होते. त्यामुळे रोगप्रतिकारशक्ती, आनुवंशिकता इत्यादी कारणांचा शोध चालू आहे. आई किंवा बहीण यांना व्याधी असल्यास मुलीस ती होण्याचा संभव अधिक असतो, एवढे निश्चित. हैदराबादेतील सी.सी.एम.बी. या प्रयोगशाळेतील व उस्मानिया विद्यापीठातील संशोधकांनी दक्षिण भारतीय स्त्रियांच्या जनुकांचा या दृष्टीने अभ्यास करून २०१२ च्या सुमारास निबंध प्रसिद्ध केले. मुंबईत परळ येथील राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेतही या व्याधीवर काम चालते.

कसे ओळखावे?

पाळीच्या पहिल्या एक-दोन दिवसांत ओटीपोटात थोडे दुखणे बहुतेक मुलींना होते. विश्रांती, गरम पाण्याची पिशवी किंवा एखादी वेदनाशामक गोळी यांनी ते उतरते व नित्याचे व्यवहार चालू राहतात. अशा दुखण्याचा बाऊ करण्याचे कारण नाही. परंतु पुढील गोष्टी आढळल्यास डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे :

१. पाळीच्या कित्येक दिवस आधी दुखू लागते व पाळी संपल्यावरही दुखणे राहते.
२. दुखणे वर्षागणिक वाढत जाते.
३. गोळी घेऊनही उतार पडत नाही. शाळा, खेळ, झोप यांत दर महिन्यास खंड पडतो.
४. पाळीच्या दिवसांत शौचास किंवा लघवीस होताना कळ येते. पोट फुगते, मळमळते, ओकारी होते.
५. पाळी नसतानाही ओटीपोट किंवा कंबर दुखते. सतत थकवा जाणवतो.

विवाहित स्त्रियांत शरीरसंबंधाच्या वेळी होणारी वेदना व मूल होण्यास लागणारा विलंब, ही आणखी दोन लक्षणे होत. यांतील एखादे लक्षण दिसले म्हणजे एंडोमेट्रिओसिसच आहे, असे मात्र समजू नये. गर्भाशयातील गाठी, जंतुसंसर्ग, आतड्याचे विकार आणि आपल्या देशात विशेषेकरून जननेंद्रियांचा क्षय, यांची लक्षणे पुष्कळशी मिळतीजुळती असतात. निदान करणे हे डॉक्टरांचे काम आहे. आपले काम त्यांना खरी व पुरी हकीकत सांगण्याचे आहे.

त्यासाठी एक साधी वही करावी. तीत चार रकाने आखावेत : तारीख, दुखण्याचे ठिकाण व प्रकार, ० ते १० या मापाने तीव्रता, आणि त्या दिवशी काय घेतले व काय बुडाले. अशी तीन महिन्यांची नोंद डॉक्टरांसमोर ठेवली, तर त्यांचे निम्मे प्रश्न सुटतात. “पोटात दुखते” या वाक्याने कोणासही फारसे कळत नाही. परंतु “पाळीच्या तीन दिवस आधीपासून ओटीपोटात उजवीकडे पिळवटते, कळ कंबरेतून मांडीत उतरते, शौचाच्या वेळी वाढते, गोळीने थांबत नाही आणि दर महिन्यास तीन दिवस शाळा बुडते” असे सांगितले, म्हणजे डॉक्टरांचे लक्ष योग्य दिशेस वळते. शाळेतही अशी एक वही आयतीच असते. तिला हजेरीपट म्हणतात. एकच मुलगी दर चार आठवड्यांनी दोन-तीन दिवस गैरहजर दिसली, तर वर्गशिक्षिकेने दंडाचा विचार करण्यापूर्वी तिला एकीकडे बोलावून मायेने चौकशी करावी.

एक सूचना फार महत्त्वाची आहे. एकाएकी असह्य वेदना, ताप, चक्कर येऊन पडणे किंवा बेसुमार रक्तस्राव झाल्यास वहीत नोंद करीत बसू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.

तपासणी

अविवाहित मुलीस तपासणीस नेण्यास पालक कचरतात. त्यांची भीती दूर करणे अवश्य आहे. आरंभी डॉक्टर हकीकत विचारतात, पोट वरून तपासतात व सोनोग्राफी करवितात. मुलींची ही सोनोग्राफी पोटावरूनच करता येते. तीत इजा नाही व वेदनाही नाही. जरूर पडल्यास एम. आर. आय. करतात. अंडाशयातील गाठ सोनोग्राफीत चांगली दिसते; परंतु बारीक ठिपके दिसत नाहीत. म्हणून ‘सोनोग्राफी चांगली आली, तेव्हा दुखणे मनाचे आहे’ असा निष्कर्ष काढणे सर्वथा चूक होय.

पूर्वी पोटात दुर्बीण घालून डोळ्यांनी पाहिल्याखेरीज निदान पक्के मानीत नसत. यामुळे निदानास फार उशीर लागे. अनेक देशांत तो वर्षांच्या हिशेबाने मोजला गेला आहे. २०२२ साली युरोपातील तज्ज्ञांच्या संस्थेने आपल्या मार्गदर्शिकेत हा दंडक बदलला. लक्षणांवरून संशय बळकट असेल, तर शस्त्रक्रियेवाचूनही उपचार सुरू करता येतात, हे आता मान्य झाले आहे.

व्याधीच्या चार पायऱ्या मानतात. परंतु पायरी व वेदना यांचा मेळ असतोच, असे नाही. पहिल्या पायरीवरील मुलगी वेदनेने तळमळते, तर चौथ्या पायरीवरील एखादीस फारसे दुखतही नाही. तेव्हा ‘थोडेसेच आहे’ म्हणून कोणाच्या वेदनेचे मोल कमी करू नये.

उपचार

ही व्याधी समूळ नाहीशी करील असे औषध अद्याप सापडलेले नाही. परंतु ती ताब्यात ठेवता येते, व ताब्यात असताना शिक्षण, नोकरी, संसार सर्व काही नीट चालते.

पहिला उपाय वेदनाशामकांचा. आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक आम्ल यांसारख्या गोळ्या दुखणे शिगेस पोहोचण्यापूर्वी व खाऊन झाल्यावर घ्यावयाच्या असतात. दमा, पोटातील व्रण किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून त्या घेऊ नयेत.

दुसरा उपाय संप्रेरकांचा. डायनोजेस्ट, नॉरएथिस्टेरोन यांसारख्या औषधांनी त्या ऊतीची वाढ रोखली जाते. कित्येकदा डॉक्टर संयुक्त संप्रेरकांच्या गोळ्या देतात. याच गोळ्या संततिनियमनासाठीही वापरतात. त्यामुळे वेष्टन वाचून आई-वडील दचकतात व औषध मध्येच बंद करतात. तसे करू नये. येथे त्या गोळीचे काम पाळीचे चक्र शांत ठेवण्याचे आहे, आणि तिच्यामुळे मुलीस पुढे मूल होण्यास बाध येत नाही. काही जणींना ती चालत नाही. म्हणून अर्धशिशी, रक्ताच्या गुठळ्या इत्यादी पूर्वेतिहास डॉक्टरांपासून लपवू नये. याहून प्रभावी अशी इंजेक्शनेही आहेत. परंतु त्यांनी हाडे विरळ होऊ शकतात, म्हणून ती मर्यादित काळ व देखरेखीखाली देतात.

तिसरा उपाय शस्त्रक्रियेचा. औषधांनी गुण न आल्यास किंवा गाठ मोठी असल्यास पोटास लहान छिद्रे पाडून दुर्बिणीच्या साहाय्याने ती ऊती काढतात व चिकटलेले अवयव मोकळे करतात. अनेकींना यामुळे आराम पडतो. परंतु व्याधी पुन्हा उद्भवू शकते. अंडाशयावर वारंवार शस्त्रक्रिया केल्यास त्यातील बीजांचा साठा घटतो. म्हणून शस्त्रक्रिया केव्हा करावी, हे अनुभवी डॉक्टरांशी विचारविनिमय करून ठरवावे. नियमित व्यायाम, पुरेशी झोप व शेक यांनी त्रास सुसह्य होतो. पण ही साधने औषधाच्या जोडीस आहेत, त्याच्या बदली नव्हेत.

दोन चुकीची उत्तरे

आपल्या समाजात या दुखण्यावर दोन उत्तरे तयार असतात. पहिले उत्तर, ‘लग्न झाले, मूल झाले की बरे वाटेल.’ गर्भारपणात पाळी थांबते, त्यामुळे काही जणींचा त्रास तेवढ्यापुरता कमी होतो. पुढे तो परत येऊ शकतो. विवाह हे औषध नव्हे. उपचारासाठी मुलीचे शिक्षण तोडून तिचे लग्न उरकणे म्हणजे तिच्यावर दुहेरी अन्याय करणे होय. उलटपक्षी, ही व्याधी असलेल्या मुलीस मूल होणारच नाही, हाही समज खोटा आहे. काहींना अडचण येते, त्यांना साहाय्य मिळू शकते, आणि अनेकींना आपसूक मुले होतात.

दुसरे उत्तर याहून भयंकर : ‘पिशवीच काढून टाका.’ हैदराबादेतील अनेक मराठी कुटुंबांचे मूळ मराठवाड्यात आहे, आणि १९५६ पर्यंत तो मुलूख हैदराबाद संस्थानाचा व पुढे राज्याचा भाग होता. त्याच मराठवाड्यातील बीड जिल्ह्याचे उदाहरण आपण विसरता कामा नये. तेथून दरवर्षी हजारो जोडपी ऊसतोडीस जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मानतात, आणि कामावर खाडा झाला तर मजुरी जाते व वर दंडही भरावा लागतो. २०१९ साली सरकारी पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची माहिती घेतली, तेव्हा त्यांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. त्या सर्वांना एंडोमेट्रिओसिस होता, असे आमचे म्हणणे नाही. ओटीपोटाचे दुखणे, अंगावरून जाणे, कर्करोगाची घातलेली भीती, अशी कारणे त्यांच्या हकीकतींत येतात. आम्हांस सांगावयाचे ते एवढेच, की ज्या दुखण्याचे निदान झाले पाहिजे होते, त्याचा अवयवच कापून टाकण्यात आला. आंध्र प्रदेश व तेलंगण येथेही हे प्रमाण देशात सर्वांत अधिक असल्याचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसून आले आहे. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे अमलात आणण्याचे आदेश राज्यांना दिले.

एंडोमेट्रिओसिसच्या बाबतीत तर हा उपाय तर्कासही धरून नाही. कारण रोगट ऊती गर्भाशयाच्या बाहेर असते. पिशवी गेली तरी ती मागे राहू शकते. सोबत अंडाशयही काढले, तर तरुण वयातच पाळी कायमची बंद होते व हाडे आणि हृदय यांना धोका निर्माण होतो. काही स्त्रियांना शेवटी ही शस्त्रक्रिया खरोखरच लागते. परंतु ती इतर उपाय थकल्यावर व दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्यावर.

म्हणूनच मुकाट सोसणे व अवयव काढून टाकणे, ही दोन टोके आम्हांस एकाच रोगाची वाटतात. जी वेदना वेळेवर सांगितली जात नाही, ती पुढे घाईने कापली जाते.

घर आणि शाळा

मातांनी मुलीस ‘आम्हीही सोसले’ असे सांगू नये. आईने सोसले असेल, तर मुलीस तपासण्याचे ते एक अधिक कारण आहे. वडिलांनी हा बायकांचा विषय म्हणून उठून जाऊ नये; रुग्णालयाचा खर्च व वेळ यांची तजवीज बहुधा त्यांच्याच हाती असते. विद्यार्थ्यांनी, म्हणजे मुलग्यांनी, हा लेख वाचून हसू नये. ज्यांना बहीण आहे त्यांनी तो तिला वाचावयास द्यावा. शाळेत एक खाट, गरम पाण्याची पिशवी, स्वच्छ स्नानगृह व विश्वासाची एक शिक्षिका, एवढी सोय असली तरी पुष्कळ काम होते.

उपचारासाठी दूर जाण्याचे कारण नाही. नामपल्लीस लागूनच रेड हिल्स भागात निलोफर रुग्णालय आहे. आपली दासी बाळंतपणात दगावली, याचे दुःख होऊन राजकन्या निलोफर यांनी स्त्रिया व मुले यांच्यासाठी स्वतंत्र रुग्णालयाचा आग्रह धरला, असे सांगतात; १९५३ पासून ते चालू आहे. सुलतान बाजार व पेटला बुर्ज येथील सरकारी प्रसूतिगृहेही फार लांब नाहीत.

विद्यार्थिनींनो, व्याकरणाच्या तासाला आपण योग्य जागी योग्य शब्द वापरण्याचा अभ्यास करतो. तोच अभ्यास आपल्या दुखण्याच्या बाबतीतही करा. कोठे दुखते, केव्हापासून दुखते, किती दुखते, हे स्वच्छ मराठीत आईला सांगा. आईने ऐकले नाही तर शिक्षिकेला सांगा. आणि डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा वही उघडून वाचून दाखवा. यात लाजण्यासारखे काही नाही.